कॉम्प्युटर म्हणतो १८.५, पंप म्हणतो १७.१: गाडीचं खरं ॲव्हरेज काढायचं कसं?

पाचवा_गिअर (प्रश्न)

गाडी पेट्रोल, मॅन्युअल, १.२ लिटर इंजिन. डॅशबोर्डवरचा कॉम्प्युटर कायम १८.५ किमी/लिटरच्या आसपास दाखवतो. टाकी फुल्ल करून काढलेला हिशेब असा येतो:

४६० किमी, २८.१ लिटर: १६.४
५०५ किमी, २७.० लिटर: १८.७
४८८ किमी, २९.९ लिटर: १६.३
४७१ किमी, २७.३ लिटर: १७.३

रस्ता तोच, चालवणारा तोच, तरी दोन-अडीचचा फरक. त्यातून तीन प्रश्न:

१. कॉम्प्युटर खरा की पंप?
२. घरातली दुसरी गाडी हायब्रिड आहे. तिची आणि हिची तुलना करायची तर कशी? दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.
३. टायरमधली हवा ३ पीएसआयने वाढवली तर फरक पडतो का, हे किती टाक्यांनंतर कळेल?

"एकदा सर्व्हिसिंग करून घ्या" हे सोडून काहीही चालेल.

---

टाकीफुल्ल

आधी तुमचेच आकडे पुन्हा बघा. १८.७ च्या लगेच पाठोपाठ १६.३ आलाय. अशी उडी आणि लगेच आपटी दिसली की गाडीकडे नाही, नोझलकडे बघायचं. दुसऱ्या वेळी नोझल लवकर कट झालं, टाकी लिटर-दीड लिटर कमी भरली. तेवढं पेट्रोल जळलं होतं पण पावतीवर आलं नाही, म्हणून ॲव्हरेज फुगलं. तिसऱ्या भरण्यात ती तूट भरून निघाली आणि तो आकडा पडला. दोन्ही टाक्या जोडल्या तर ९९३ किमी, ५६.९ लिटर, म्हणजे १७.४५. उडी गायब.

चारही जोडा: १९२४ किमी भागिले ११२.३ लिटर, १७.१३. तुमचा आजचा सर्वांत भरवशाचा आकडा हा. कारण सोपं आहे. मधल्या प्रत्येक भरण्यातली चूक पुढच्या भरण्यात उलट्या चिन्हाने येते आणि कटते. शिल्लक राहते फक्त पहिल्या आणि शेवटच्या पातळीची चूक. दोन्ही टोकांना प्रत्येकी एक लिटर इकडेतिकडे धरलं तरी वाईटात वाईट दोन लिटर. एका टाकीच्या २८ लिटरवर ते ७ टक्के होतात, म्हणजे एकट्या टाकीचा आकडा १.२ ने वर किंवा खाली असू शकतो. ११२ लिटरवर तेच २ टक्क्यांहून कमी, म्हणजे ०.३. भरणी वाढतील तसा हा आकडा आणखी घट्ट होत जातो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

आता भरताना काय पाळायचं.

नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. त्यातून हवा खेचली जात असते. पेट्रोलची पातळी किंवा फेस त्या भोकापर्यंत आला की हवा बंद होते, आत निर्वात तयार होतो आणि खटका पडतो. म्हणजे नोझल टाकी भरल्याचं ओळखत नाही, फक्त आपलं टोक ओलं झाल्याचं ओळखतं. जोरात भरलं तर फेसाने लवकर पडतं, कमी खोल घातलं तर उशिरा. डिझेल जास्त फेसाळतं, तिथे हा घोळ अजून मोठा. गाडी ज्या बाजूला कललेली असेल त्याप्रमाणे टाकीच्या वरच्या कोपऱ्यात अडकणारी हवा बदलते, तोही फरक यात मिळतो.

म्हणून: तोच पंप, तेच मशीन, गाडी त्याच दिशेला तोंड करून. नोझल पूर्ण आत, खटका मधल्या वेगावर अडकवलेला, आणि पहिल्या कटला थांबायचं. नंतर "गोल आकडा करू का?" असं विचारलं की नाही म्हणायचं. पेट्रोल गाडीत कटच्या पुढे ठासून भरण्याचा दुसराही तोटा आहे. वाफ शोषणारा कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर, त्यात द्रव पेट्रोल शिरतं. तो डबा वाफेसाठी असतो. एकदा भिजला की इंजिनला नको तेव्हा जादा पेट्रोल मिळतं, आणि ज्या मोजमापासाठी हा खटाटोप केला तेच बिघडतं.

नोंद ट्रिपमीटरची नको, ओडोमीटरची ठेवा. ट्रिप शून्य करायला विसरलं की अख्खी टाकी वाया जाते. ओडोमीटर विसरत नाही. रकाने पुरेसे आहेत: तारीख, ओडोमीटर, लिटर (पावतीवरचे, दोन दशांशांपर्यंत), फुल्ल की अर्धवट, कॉम्प्युटरचा आकडा, आणि शेरा. अर्धवट भरलं तर लिटर लिहून ठेवायचे आणि पुढच्या फुल्लपर्यंत भागाकार करायचा नाही. एखादी पावती हरवली तर अंदाजाने आकडा घालू नका, पुढच्या फुल्लपासून नवी मोजणी सुरू करा.

रिझर्व्हचा दिवा लागला ते पुन्हा लागला, ही पद्धत सोडून द्या. तरंगणारा फ्लोट, चढउतार, आणि काटा हलू नये म्हणून मुद्दाम घातलेला विलंब यांत काही लिटर सहज इकडचे तिकडे होतात.

---

वंगण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: लिटरच्या बाबतीत पंप खरा. कॉम्प्युटर पेट्रोल मोजत नाहीच. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा होता ते ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, माहीत असतं, त्याला इंजेक्टरच्या ठरावीक प्रवाहाने गुणून लिटर काढले जातात. तो ठरावीक प्रवाह प्रत्यक्षात थोडा वेगळा असला की आकडा कायमचा एका बाजूला झुकतो. तुमच्याकडे १८.५ भागिले १७.१३, म्हणजे कॉम्प्युटर ८ टक्के गोड बोलतोय. यात नवल काही नाही.

पण म्हणून तो टाकाऊ नाही. तो खोटं बोलत असला तरी बऱ्यापैकी एकसारखं बोलतो. कॉम्प्युटरच्या आकड्याला ०.९२६ ने गुणा, खऱ्याच्या जवळ याल. आणि पंपावर जे कधीच दिसणार नाही, ते ३० किमीच्या एका फेरीतला फरक, तो कॉम्प्युटरच दाखवू शकतो. गुणक पंपावरून ठरवा, फरक कॉम्प्युटरवर मोजा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, पण ते सविस्तर कुणीतरी लिहा, मला टाइप करायचा कंटाळा आहे.

---

रोलिंग_रेडियस

सगळे लिटरच्या मागे लागलेत, किलोमीटर कुणी तपासले?

ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. १९५/६५ आर १५ टायरचा व्यास कागदावर ६३४.५ मिमी. २०५/६५ आर १५ घातला की ६४७.५, दोन टक्के मोठा. गाडी खरी १०२ किमी जाते, ओडोमीटर १०० म्हणतो, आणि मालक म्हणतो नव्या टायरने ॲव्हरेज पाडलं. उलट झिजलेला टायर लहान होतो, फेरे जास्त होतात, ॲव्हरेज फुकटात वाढतं. नवे टायर टाकल्यावर गाडी "जास्त पिते" या तक्रारीतला एक भाग इथला आहे. दुसरा भाग खरा असतो, कारण नव्या टायरच्या जाड रबराला लोळायला जास्त जोर लागतो.

तपासायला ५० किमीहून लांब, मोकळ्या आकाशाखालचा रस्ता घ्या आणि जीपीएसची नोंद ओडोमीटरशी ताडा. बोगदे आणि दाट वळणं नकोत, जीपीएस तिथे कोपरे कापतो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर विसंबू नका, रस्ता सरळ झाला तरी दगड जुन्या मापाचेच राहतात.

एक गल्लत टाळा. स्पीडोमीटर जास्त दाखवतो म्हणून ओडोमीटरही तेवढाच जास्त दाखवत असेल, असं धरू नका. स्पीडोमीटर मुद्दाम जास्त दाखवायला लावलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीप्रमाणे तो खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, जास्त मात्र १० टक्के अधिक ४ किमी/तास इतका दाखवू शकतो. ओडोमीटरला तो फुगवटा लावलेला नसतो.

---

निळा_डोंगल

एवढं कशाला? ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारा डोंगल लावा, फोनवर ॲप टाका, प्रत्येक सेकंदाचा वापर समोर दिसतो.

---

वंगण

दिसतो, पण कुठून येतो ते बघा. बरीच ॲप मास एअरफ्लो सेन्सरवरून हिशेब करतात: हवा किती ग्रॅम आली, तिला १४.७ ने (एक ग्रॅम पेट्रोल जाळायला लागणारे हवेचे ग्रॅम) भागलं की पेट्रोलचे ग्रॅम, त्याला घनतेने (लिटरला ७४० ग्रॅम) भागलं की लिटर. सेकंदाला १० ग्रॅम हवा असेल तर तासाला ३६,००० ग्रॅम, भागिले १४.७, भागिले ७४०, म्हणजे ३.३१ लिटर प्रतितास. ६० च्या वेगाला हे १८.१ किमी/लिटर. हिशेब छान, गृहीतकं कच्ची.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर लागणारं गुणोत्तर १४.७ नसून साधारण १३.५ असतं, घनताही थोडी जास्त. तेवढ्याच हवेला ३.५६ लिटर जळतात. ॲपला हे सांगितलं नाही तर ते ७ टक्के कमी वापर दाखवणार. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की इंजेक्टर बंद असतात, हवा मात्र चालूच असते, आणि साधं ॲप तिथेही पेट्रोल मोजत बसतं. डिझेलमध्ये तर हे सूत्र लावूच नका, ते इंजिन कायम जादा हवेवर चालतं. हा सेन्सर नसलेल्या गाडीत ॲप दाब आणि तापमानावरून हवेचा अंदाज करतं, म्हणजे अंदाजावर अंदाज.

ईसीयू स्वतःच लिटर प्रतितास हा आकडा देत असेल तर तो घ्या. तरी गुणक पंपावरूनच काढावा लागेल.

---

पाचवा_गिअर

उडी-आपटीचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. एक शंका: चार ॲव्हरेजची सरासरी काढली तर १७.२ येते, १७.१३ च्या जवळच. मग एकूण भागिले एकूणचा आग्रह का? आणि कुणीतरी गाडीची नळी काढून एक लिटरची बाटली जोडून मोजायला सांगितलंय, ते कसं?

---

टाकीफुल्ल

जवळ आली कारण तुमच्या चारही टाक्या सारख्याच होत्या. १०० किमी शहरात १० ने आणि १०० किमी हायवेला २० ने चालवा. सरासरी १५ वाटते. पेट्रोल लागलं १० अधिक ५, म्हणजे १५ लिटरमध्ये २०० किमी, म्हणजे १३.३. अंतरं सारखी असली की किमी/लिटरची साधी सरासरी नेहमी गोड बाजूला चुकते. १०० किमीला किती लिटर, असं मोजायला लागलात तर सारख्या अंतरांसाठी हा घोळ होत नाही: १० आणि ५ ची सरासरी ७.५, बरोबर १३.३. तुलनेलाही तेच माप बरं. १० वरून १२ वर गेलेली गाडी १०० किमीला १.६७ लिटर वाचवते, २० वरून २४ वर गेलेली फक्त ०.८३. दोन्हीकडे "२० टक्के सुधारणा", बचत निम्मी.

परदेशी चाचण्या वाचताना गॅलन कुणाचा ते बघा. ब्रिटिश ४.५४६ लिटरचा, अमेरिकी ३.७८५ चा. ब्रिटिश ४० म्हणजे अमेरिकी ३३.

बाटली: कार्ब्युरेटरच्या जमान्यातली पद्धत, आता हात लावू नका. इंजेक्शनच्या गाडीत इंधनाचा पंप टाकीच्या आत असतो आणि पुढची लाइन काही बार दाबाखाली असते. ती नळी सोडली की पेट्रोल गरम इंजिनवर फवारलं जातं. मोजमाप राहू दे, गाडी पेटेल.

---

उलटा_वारा

दुसरा प्रश्न कुणीच घेतला नाही म्हणून लिहितो. दोन गाड्या वेगळ्या रस्त्यांवर चालत असतील तर त्यांच्या नोंदवह्यांची तुलना म्हणजे रस्त्यांची तुलना. गाड्यांची करायची तर दोन्ही एकाच वेळी, एकाच रस्त्यावर हव्यात.

पण इथे एक अडचण येते. १५० किमीच्या फेरीत ८-९ लिटर जळतील, आणि भरण्याची चूक एक लिटर. म्हणजे ११-१२ टक्के. एवढ्या फेरीसाठी पंप निरुपयोगी. म्हणून वंगण यांचीच वाट धरा: आधी दोन्ही गाड्यांची किमान चार-पाच टाक्यांची नोंद ठेवून प्रत्येकीच्या कॉम्प्युटरचा गुणक काढा. मग फेरीसाठी कॉम्प्युटर शून्य करून तो आकडा गुणकाने दुरुस्त करा. दोन गाड्यांचे कच्चे आकडे थेट एकमेकांसमोर ठेवायचे नाहीत. एक ८ टक्के गोड आणि दुसरी २ टक्के गोड असेल, तर तुम्ही कॉम्प्युटरची शर्यत लावताय.

फेरीची तयारी: दोन्हींत टायर थंड असताना कंपनीने गाडीवर लावलेल्या प्लेटवर लिहिलेली हवा. आधी अर्धा तास चालवून गाड्या गरम. पाणी लवकर तापतं, पण गिअरबॉक्सचं तेल आणि टायर वेळ घेतात. एसी दोन्हींत चालू किंवा दोन्हींत बंद. काचा बंद. जिथून निघालो तिथेच परत, कारण चढ फुकट नसतो: १२०० किलोची गाडी १००० मीटर वर न्यायला ११.८ मेगाज्यूल लागतात, इंजिनची कार्यक्षमता २८ टक्के धरली तर त्यापायी १.३ लिटर पेट्रोल जातं. एकेरी प्रवासाचा आकडा कितीही देखणा असो, तो डोंगराचा आकडा असतो.

वेग जीपीएसवर जुळवा, काट्यावर नाही. एका गाडीचा ८० खरा ७९ असतो, दुसरीचा ७५. पाच टक्के वेगात फरक म्हणजे हवेच्या विरोधात दहा टक्के. नवख्या तुलनेत सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट हीच, आणि ती कुणी तपासत नाही.

मागच्या गाडीला पुढचीचा आडोसा मिळतो, म्हणून किमान शंभर मीटर अंतर ठेवा. अर्ध्या फेऱ्या झाल्या की क्रम बदला आणि चालकही बदला. चालकामुळे पडणारा फरक गाडीतल्या फरकापेक्षा मोठा निघू शकतो, न बदलता केलेली तुलना मला तरी पटत नाही.

वारा जाताना समोरून आला तर येताना पाठीशी, म्हणून फिटंफाट होते असं लोक म्हणतात. होत नाही. गाडी ८० ला, समोरून २० चा वारा: विरोध १०० च्या वेगाएवढा, म्हणजे १.५६ पट. परतीला ६० एवढा, ०.५६ पट. सरासरी १.०६. वारा कुठल्याही दिशेने खातोच. दोन्ही गाड्या एकत्र चालल्या तर निदान दोघींना सारखा खातो.

हायब्रिडचं वेगळं प्रकरण. बॅटरीची पातळी सुरुवातीला आणि शेवटी सारखी हवी. बॅटरीतली एक युनिट वीज म्हणजे ढोबळमानाने ०.३ लिटर पेट्रोल. साध्या हायब्रिडमध्ये वरखाली होणारी वीज अर्ध्या युनिटहून कमी, त्यामुळे पूर्ण टाकीवर हा फरक नगण्य. पण १० किमीच्या फेरीत, जिथे एकूण अर्धा लिटर जळतं, तिथे निकाल पाव भागाने बदलू शकतो. "शहरात ३५ दिलं" वाले फोटो बहुधा अशाच फेरीचे असतात. बाहेरून चार्ज होणारी हायब्रिड असेल तर भिंतीवरच्या सॉकेटमधून गेलेली वीज आणि लिटर दोन्ही लिहावे लागतील, एका आकड्यात ते बसत नाही.

---

वंगण

त्यांच्या दोन्ही गाड्या पेट्रोल आहेत म्हणून निभावतंय. डिझेलशी तुलना असती तर लक्षात ठेवा, डिझेलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा १० टक्क्यांहून थोडी जास्त ऊर्जा असते. शिवाय धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर ती काजळी जाळून स्वतःला साफ करतो तेव्हा जादा डिझेल जातं. ज्या टाकीत असं एकदा जास्त घडलं तिचा आकडा पडतो. सीएनजी किलोत मोजतात, आणि घाईने भरलं की सिलिंडरमध्ये वायू तापतो, दाब गाठला तरी वजन कमी बसतं. तिथे "फुल्ल" या शब्दाला फार अर्थ नाही, फक्त बेरीज.

---

निळा_डोंगल

कंपनीचे आकडे तरी तुलनेला चालतील ना? सगळ्यांची चाचणी एकच असते.

---

रोलिंग_रेडियस

एकाच चाचणीतले असतील तर गाड्यांचा क्रम लावायला चालतील. एनईडीसी या जुन्या युरोपीय चाचणीचा आकडा डब्ल्यूएलटीपी या नव्या चाचणीशी लावू नका. पहिली फेरी ११ किमीची आणि सौम्य, दुसरी २३ किमीची, वेग १३१ पर्यंत जाणारी. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांना स्वतःचा वापर नोंदवणं सक्तीचं आहे. त्या नोंदींवरून युरोपियन आयोगाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं की प्रत्यक्ष वापर डब्ल्यूएलटीपीपेक्षा पेट्रोल गाड्यांत २३.७ टक्के आणि डिझेलमध्ये १८.१ टक्के जास्त आहे. चार्ज होणाऱ्या हायब्रिडमध्ये साडेतीन पट. म्हणजे इंधनाचा प्रकार बदलला की कागदावरचा क्रमही भरवशाचा राहत नाही.

---

टाकीफुल्ल

राहिला तिसरा प्रश्न. अमेरिकी ऊर्जा खात्याचा अंदाज असा की चारही टायरमध्ये १ पीएसआय हवा कमी झाली की इंधन ०.२ टक्के जास्त जातं. तुमचे ३ पीएसआय म्हणजे ०.६ टक्के. १७.१ चे १७.२. टाक्यांच्या नोंदीत हे दिसणार नाही, कधीच.

३ टक्के फरक शोधायचा असता तरी सोपं नव्हतं. टाकी-टाकीतला चढउतार ५ टक्के असेल तर ३ टक्के फरक भरवशाने पकडायला आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही बाजूंना चाळीसच्या वर टाक्या लागतात. तोवर ऋतू बदलतो, टायर झिजतात, आणि तुम्ही तेच मोजत बसता. भरण्याची शिस्त लावून चढउतार २ टक्क्यांवर आणला तर सातेक टाक्यांत भागतं. टाकीत ओतायची औषधं आणि "मायलेज वाढवणारी" चुंबकं यांच्या जाहिरातीत आधी एक टाकी आणि नंतर एक टाकी असते, ते का हे आता कळेल. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचंही तेच: ऑक्टेन म्हणजे जादा ऊर्जा नव्हे, इंजिन ठोकत नसेल तर फरक शोधायला जाऊ नका.

हवा तपासायचीच असेल तर एकाच दिवशी, एकाच फेरीवर: आधी प्लेटवरचा दाब, मग वाढवलेला, मग परत प्लेटवरचा. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत जेवढा फरक येईल तेवढी तुमच्या मोजमापाची चूक समजा. मधल्या फेरीचा फायदा त्याहून मोठा निघाला तरच मोजायचा. दाब वाढवताना टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत जाऊ नका, ती टायरची मर्यादा आहे, गाडीची शिफारस नाही. आणि हवा थंड टायरला भरा. फेरीनंतर गरम टायरमध्ये काटा ३-४ पीएसआय जास्त दाखवेल, ती कमी करायला जाऊ नका.